बोनीचा माग : एका ध्वनिमालिकेच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आर्थर अपफील्डच्या 'बोनी' कादंबऱ्या आणि त्यांवर निघालेली १९७२ ची ऑस्ट्रेलियन टीव्ही मालिका, यांवर मराठीत ध्वनिमालिका करायची हे बरेच दिवस नुसतं बोलण्यात होतं. आज कामाची वाटणी झाली. आम्ही तिघं आहोत. संहिता मी लिहिणार. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले काका ठिकाणं आणि नकाशे बघणार. मेलबर्नच्या ताई मालिकेचे भाग जमवणार आणि निम्मं वाचनही करणार.

ज्यांनी बोनीचं नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी पहिल्या भागात एवढं तरी यायला हवं: डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर नेपोलियन बोनापार्ट हा क्वीन्सलँड पोलिसांतला अधिकारी. आई ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासींपैकी, बाप गोरा. चंदनाच्या झाडाखाली मेलेल्या आईशेजारी सापडलेलं हे पोर मिशनमध्ये वाढलं आणि नेपोलियनचं चरित्र चघळताना दिसलं म्हणून तिथल्या मेट्रनने त्याला हे भारदस्त नाव दिलं. पुढे विद्यापीठाची पदवी, घरी बायको मारी आणि तीन मुलं. वरिष्ठांचे हुकूम तो सरळ धाब्यावर बसवतो, हाती घेतलेली केस सुटेपर्यंत जागचा हलत नाही, आणि भेटेल त्याला सांगतो की मला बोनी म्हणा.

एकूण २९ कादंबऱ्या. पहिली १९२९ ची. शेवटची लेखकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्यांनी पूर्ण करून १९६६ मध्ये काढलेली.

१९ जानेवारी

लेखकाच्या भागाचं टिपण पुरं झालं. अपफील्डचा जन्म १८९० चा, इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टचा. परीक्षेत धड यश नाही म्हणून बापाने १९११ मध्ये ऑस्ट्रेलियाला धाडून दिलं. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रेलियन सैन्यातून गॅलिपोली आणि फ्रान्सला लढला. परतल्यावर वर्षानुवर्षं आतल्या ओसाड मुलखात पडेल ते काम करत हिंडला: स्वयंपाकी, गुराखी, कुंपणाचा राखणदार. त्याच्या पुस्तकांतली माती त्याच्या स्वतःच्या बुटांना लागलेली आहे आणि ते वाचताना कळतं.

पहिल्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात डिटेक्टिव्ह गोरा होता. मग लिओन वुड नावाचा मिश्र वंशाचा माग काढणारा अपफील्डला भेटला आणि त्याच्यावरून बोनी सुचला, असं अपफील्ड स्वतः सांगत असे. खर्डा बाजूला पडला, कादंबरी नव्याने लिहिली गेली. डिटेक्टिव्ह गोराच राहिला असता तर आज ही पुस्तकं कोणी हातात धरली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

२ फेब्रुवारी

बैठक लांबली, कारण काका 'डेथ ऑफ अ लेक' वाचून आले होते आणि त्यांना थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं.

ही १९५४ ची कादंबरी. लेक ऑटवे नावाचं तळं. मेंढ्यांच्या स्टेशनवरचा (तिकडे स्टेशन म्हणजे जनावरांचा अफाट मळा) एक तरुण रात्री पोहायला म्हणून गेला तो परतलाच नाही. त्याला लॉटरी लागलेली होती आणि पैशांचा पत्ता नाही. आता दुष्काळ पडलाय आणि तळं आटत चाललंय. घोडे वठणीवर आणणारा म्हणून बोनी तिथे वेषांतर करून राहतो. स्टेशनवरचा प्रत्येक जण पाण्याकडे डोळे लावून बसलेला आहे, कारण तळ उघडा पडला की खाली काय आहे ते दिसणार. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवच्या देवळाचं शिखर दिसू लागतं आणि माणसं बघायला गर्दी करतात. फक्त इथे जमलेल्यांपैकी प्रत्येकाच्या मनात काळंबेरं आहे.

काकांना भावलं ते हे की तपासाचं घड्याळ पाण्याची पातळी आहे. रोज काही इंच. पक्षी उडून जातात, मासे चिखलात तडफडतात, उरल्यासुरल्या पाण्यापाशी सशांच्या झुंडी लोटतात. बोनी कोणालाही दमात घेत नाही. तो थांबतो, आणि थांबणं हेच त्याचं हत्यार आहे. "सर्व्हेयरला हे शिकवावं लागतं, याला आतूनच येतं," असं काका म्हणाले. हे वाक्य संहितेत जसंच्या तसं घेतेय.

ठरलं: पहिला भाग लेखकावर न करता या तळ्यावर करायचा. लेखक नंतर.

९ फेब्रुवारी

नकाशाचं काम. काकांनी कादंबऱ्यांतली ओळखता येणारी ठिकाणं मांडायला घेतलीत. ब्रूम, ब्रोकन हिल, लेक एअर, नलारबोर, बर्मागुई. दोन ठिकाणांवर जास्त वेळ गेला.

एक, वुल्फ क्रीकचं उल्काविवर. पाऊण किलोमीटरहून रुंद, वाळवंटाच्या कडेला. विमानातून ते गोऱ्यांच्या नजरेला पडलं १९४७ मध्ये. तिथल्या जारू लोकांना ते पिढ्यान्पिढ्या 'कंदिमलाल' म्हणून ठाऊक होतंच. १९४८ मध्ये अपफील्ड ऑस्ट्रेलियन जिऑग्राफिकल सोसायटीच्या पाच हजार मैलांच्या मोहिमेचा प्रमुख म्हणून उत्तर आणि पश्चिम भागांतून फिरला. 'द विल ऑफ द ट्राइब' या १९६२ च्या कादंबरीत याच विवराच्या मधोमध प्रेत सापडतं आणि आत जाणारी पावलंच कोणाला दिसत नाहीत.

दोन, एअरीज इन्लेटचं स्प्लिट पॉइंट दीपगृह. 'द न्यू शू' तिथलं. ताई सुट्टीत जाऊन पाहून आल्या. मेलबर्नहून गाडीने दोनेक तास. १८९१ चं पांढरंशुभ्र दीपगृह, आतला गोल जिना, आणि जाड भिंतीतली कोनाड्यासारखी जागा. कादंबरीत प्रेत भिंतीतल्या अशाच जागेत दडवलेलं आहे. ताईंनी वर चढताना आवाज टिपून आणलाय: पावलांचा घुमणारा नाद आणि वरचा वारा. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तोच वाजवायचा.

१५ फेब्रुवारी

आवाज साफ केला. वारा थोडा ठेवलाय.

२३ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी, कारण सगळ्या प्रकल्पात हा भाग सगळ्यांत जड आहे.

१९२९ मध्ये अपफील्ड पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांच्या कुंपणावर राखणदार होता. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात शिकारीसाठी सोडलेल्या सशांनी खंड पोखरून काढला, तेव्हा त्यांना अडवायला सरकारने दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत १,८३३ किलोमीटरचं कुंपण घातलं. १९०७ मध्ये ते पुरं झालं. उंट जोडलेली गाडी घेऊन राखणदार आपापल्या टप्प्यावर फिरायचे, तुटलेली तार जोडायचे, वाहून आलेलं झुडूप काढायचे. महिनोन्महिने एकटे.

अपफील्डला पुढच्या कादंबरीसाठी असा खून हवा होता ज्यात प्रेताचा मागमूस उरणार नाही. जॉर्ज रिची नावाच्या सोबत्याने एक युक्ती सांगितली: आग, चाळणी, आणि सोनं शोधणारे दगड कुटायला वापरतात तो लोखंडी खल. युक्ती इतकी बिनतोड निघाली की लेखकाचीच पंचाईत झाली. बोनीने शोधायचं तरी काय? यातली खोट दाखव, एक पौंड देतो, असं त्याने रिचीला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये कॅमल स्टेशनवर चारचौघांत पुन्हा हीच चर्चा रंगली. ऐकणाऱ्यांत स्नोवी रोल्स नावाचा एक गडी होता.

त्याच डिसेंबरात जेम्स रायन आणि जॉर्ज लॉइड हे दोघं रोल्सबरोबर गेले ते दिसेनासे झाले. पुढच्या मे महिन्यात लुई कॅरन गेला. पहिल्या दोघांचं काहीही हाती लागलं नाही. कॅरनच्या बाबतीत रोल्सने काम अर्धवट सोडलं होतं. कुंपणावरच्या एका झोपडीपाशी राखेत पोलिसांना हाडांचे तुकडे आणि एक अंगठी सापडली.

ही अंगठी संहितेत सावकाश सांगायचीय. १८ कॅरटची लग्नाची अंगठी, न्यूझीलंडमधली. मापात बसवताना सोनाराच्या दुकानात डाग देणाऱ्याने चुकून ९ कॅरटचं डागसोनं वापरलं होतं, म्हणून सांध्याचा रंग वेगळा पडला. सोनाराने ती तेवढ्यावरून ओळखली. सगळं जळून, कुटून, चाळून झाल्यावर माणसाची ओळख उरली ती कारागिराच्या एका चुकीच्या टाक्यात.

खटला १९३२ मध्ये चालला. अपफील्डला साक्षीला उभं राहावं लागलं. आपल्या कथेचं कथानक न्यायालयात उलगडून सांगावं लागलं. जूनमध्ये फ्रीमँटलच्या तुरुंगात रोल्सला फाशी झाली. 'द सँड्स ऑफ विंडी' ही कादंबरी आदल्याच वर्षी छापून आली होती. तिच्यात बोनीच्या हाती पहिला धागा लागतो तो एका छायाचित्रात: सोडून दिलेल्या गाडीचा फोटो, आणि पाठीमागे ॲबोरिजिनल माणसाने सोडलेली खूण, जी गोऱ्या पोलिसांना खूण म्हणून दिसलेलीच नाही. या प्रकरणावर ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने २००९ मध्ये '३ ॲक्ट्स ऑफ मर्डर' नावाचा टीव्ही चित्रपटही केला.

ताईंनी विचारलं की यात लेखकाचा दोष किती धरायचा. मला वाटतं, काहीच नाही. कथा रचणं हे त्याचं काम होतं आणि हत्या रोल्सने केली. पण ही पुस्तकं वाचताना ते तिघं जण डोक्यातून जात नाहीत, आणि जाऊही नयेत. भागाच्या शेवटी तिघांची नावं वाचायची असं ठरवलं.

२ मार्च

मालिकेचं पाहणं सुरू. पहिले काही भाग झाले.

मालिका केली फॉना प्रॉडक्शन्सने, म्हणजे ज्यांनी 'स्किपी' ही कांगारूवरची पोरांची मालिका जगभर नेली ते जॉन मॅकॅलम, ली रॉबिन्सन आणि बॉब ऑस्टिन. एकूण २६ भाग, १९७२ पासून सेव्हन नेटवर्कवर. काळ सत्तरीचा केलाय: मोटारी, धुरळा उडवणाऱ्या मोटरसायकली, त्या काळचे कपडे. बोनीच्या जोडीला ॲलिस मॅकगॉर ही पोलीस बाई अधूनमधून येते; केट फिट्झपॅट्रिकने केलीय. कादंबऱ्यांतही ती आहे आणि तिथेही ती झकास आहे, पण पडद्यावर तिला जास्त मोकळं रान मिळालंय.

चित्रीकरण खऱ्या मुलखात जाऊन केलंय. काकांचं समाधान तिथेच झालं. लाल माती, क्षितिजापर्यंत एकही झाड नाही, मधेच पत्र्याचं एक छप्पर. पुस्तकात दोन पानं घेणारं वर्णन इथे एका नजरेत येतं.

मग ताईंनी एक गोष्ट सांगितली आणि आम्ही गप्प झालो. मालिका रंगीत चित्रित झाली होती, परदेशात विकता यावी म्हणून. पण ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही अधिकृतपणे सुरू झाला १ मार्च १९७५ ला. म्हणजे ज्यांची ती माती, त्यांनी पहिल्यांदा ही मालिका करड्या रंगात पाहिली.

९ मार्च

आज वादावादी झाली. व्हायलाच हवी होती.

बोनीची भूमिका जेम्स लॉरेन्सनने केलीय. हा न्यूझीलंडचा गोरा नट. आधी जॉन फिंच या इंग्लिश नटाचं नाव ठरलं होतं, तो सोडून गेला. लॉरेन्सनच्या चेहऱ्यावर सावळा रंग चढवलेला आहे. जवळून घेतलेल्या चित्रात, घाम आला की, कपाळाच्या कडेला तो रंग दिसतो. एकदा दिसला की नंतर दुसरं काही दिसत नाही.

काकांचं म्हणणं: नट चांगला आहे. आणि तो आहेच. त्याची चाल सुरेख आहे, जमिनीकडे बघताना तो खरोखर काहीतरी वाचतोय असं वाटतं, बोलण्यात ऐट आणि खट्याळपणा दोन्ही बरोब्बर पकडलेत.

ताईंचं म्हणणं: १९७२ च्या २६ जानेवारीला कॅनबेराच्या संसदेसमोरच्या हिरवळीवर ॲबोरिजिनल तरुणांनी जमिनीच्या हक्कांसाठी छत्री रोवून तंबूतला दूतावास मांडला. त्याच वर्षी सिडनीच्या रेडफर्नमध्ये नॅशनल ब्लॅक थिएटर उभं राहिलं. नट नव्हते असं कोणी म्हणू नये. निर्मात्यांना ज्या तोंडवळ्यावर परदेशी चॅनेल पैसे लावतील तो हवा होता. आक्षेप तेव्हाच घेतले गेले होते. ही आजच्या लोकांनी मागे वळून काढलेली खुसपटं नव्हेत.

माझं मत ताईंच्या बाजूने आहे, आणि काकांचं म्हणणंही मला खोडायचं नाही. बोनीची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे की गोऱ्यांनी ज्याला कमी लेखलं त्या माणसाला जे दिसतं ते त्यांना दिसत नाही. आणि मालिकेने तोच माणूस गोऱ्यालाच रंगवून उभा केला. अभिनय कितीही चांगला असो, गाभ्यालाच धक्का लागला.

१६ मार्च

मराठी श्रोत्याला हे जवळून कळावं म्हणून घोटेचं उदाहरण घेणार. मुंबईचा इन्स्पेक्टर गणेश घोटे, लेखक एच. आर. एफ. कीटिंग, इंग्लंडात बसून लिहिणारा. पहिली घोटे-कादंबरी १९६४ ची, आणि कीटिंगने हिंदुस्थान प्रत्यक्ष पाहिला तो सुमारे दहा वर्षांनी. आपला मराठी पोलीस आपण दुसऱ्याच्या इंग्रजीत वाचला; आवडला, आणि पानोपानी थोडा खटकलाही. तो बोलतो तसं आपल्याकडे कोणी बोलत नाही. पण १९८८ मध्ये चित्रपट निघाला तेव्हा घोटे झाला नसीरुद्दीन शाह. तिथे कोणी इंग्लिश नटाला सावळा केला असता तर आपण काय म्हटलं असतं, एवढा एक प्रश्न भागात टाकायचा आणि पुढे जायचं. उत्तर श्रोता देईल.

अपफील्डची बाजू एका बाबतीत कीटिंगहून भक्कम आहे: तो त्या मुलखात आयुष्य काढून लिहीत होता. पण ॲबोरिजिनल माणसं त्याच्याशी मोकळेपणी किती बोलली असतील, हे पुस्तकांतूनच जाणवतं. बोनीचा राग, बोनीचा गर्व आणि मधेच उफाळणारा 'आईच्या रक्ताचा' ओढा हे सगळं बाहेरून कल्पलेलं आहे. रक्तावरून स्वभाव ठरवण्याची त्याची सवय आज वाचवत नाही. ते उतारे गाळायचे नाहीत. एक वाचायचा आणि त्यावर बोलायचं.

३० मार्च

१९९० च्या टीव्ही चित्रपटाचा आणि १९९२ च्या मालिकेचा भाग छोटा ठेवलाय, कारण त्यात जीव कमी आहे. कॅमेरन डॅडो हा गोरा नट मूळ बोनापार्टचा वंशज म्हणून येतो, आणि ॲबोरिजिनल माणसांकडून शिकलेला गोरा असं त्याचं रूप. रंग लावायचा नाही, तर माणूसच बदला, असा तोडगा. १३ भागांत संपलं.

त्यात अंकल अल्बर्ट झाले होते बर्नम बर्नम, म्हणजे १९८८ च्या २६ जानेवारीला डोव्हरच्या कड्यांपाशी ॲबोरिजिनल झेंडा रोवून इंग्लंड आपल्या लोकांच्या नावे ताब्यात घेतल्याची घोषणा करणारे. एवढा मोठा माणूस दुय्यम भूमिकेत बसवला. भागातली निम्मी मिनिटं त्यांच्यावर खर्च करणार.

६ एप्रिल

कुंपणाच्या भागाची संहिता ताईंनी वाचली आणि म्हणाल्या, यात तीन मुली नाहीत.

बरोबर आहे. १९३१ मध्ये, म्हणजे विंडीची कादंबरी आली त्याच वर्षी, मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुली मूर रिव्हरच्या वसाहतीतून पळाल्या. मिश्र वंशाची मुलं आयांपासून हिसकून अशा वसाहतींत आणि मिशनमध्ये टाकायची, हे सरकारी धोरणच होतं. मुलींना घरचा रस्ता ठाऊक नव्हता; एवढंच ठाऊक होतं की आपलं घर, जिगलाँग, कुंपणावर आहे. त्या कुंपण धरून चालत राहिल्या. ग्रेसी विलूनापाशी पकडली गेली. मॉली आणि डेझी सुमारे सोळाशे किलोमीटर चालून घरी पोहोचल्या. मॉलीच्याच मुलीने, डोरिस पिल्किंग्टनने, १९९६ मध्ये हे पुस्तकात लिहिलं.

आता बोनीचं बालपण पुन्हा वाचा. मेलेली आई, मिशन, प्रेमळ मेट्रन, शिक्षण, नोकरी. अपफील्डने मिशनला पाळणाघराची ऊब दिली. ज्या कुंपणाच्या तारा तो जोडत होता त्याच तारांच्या कडेने, तो तिथून गेल्यावर लगेचच, मिशनसारख्याच जागेतून पळालेल्या मुली जिवावर उदार होऊन घर शोधत होत्या. त्याला हे दिसत नव्हतं असं मी म्हणत नाही. पुस्तकांत ते आलं नाही, एवढं मात्र खरं.

कुंपणाचा भाग यासाठी दोन केले. दुसरा संपूर्ण मुलींचा.

१३ एप्रिल

ताईंनी आणखी एक धागा दिला. १९७२ च्या मालिकेत छोट्या भूमिकेत डेव्हिड गुल्पिलिल हा ॲबोरिजिनल नट आहे. त्याचा 'वॉकअबाउट' हा चित्रपट नुकताच येऊन गेला होता, वय जेमतेम विशीचं. रंगवलेल्या बोनीच्या आजूबाजूला हा पोरगा खरा माग काढणाऱ्यांच्या घरातून आलेला, आर्नेम लँडचा. त्याच्या चालण्यात काहीही दाखवायचा प्रयत्न नाही.

तीस वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच तीन मुलींच्या कथेवर 'रॅबिट-प्रूफ फेन्स' चित्रपट झाला. मुलींच्या मागावर पाठवलेला माग काढणारा, मूडू, गुल्पिलिलने केला. संवाद फार थोडे. सगळं डोळ्यांत. त्याच वर्षी 'द ट्रॅकर'मध्ये तर मुख्य भूमिकाच त्याची. कादंबरीतला बोनी कसा दिसायला हवा होता, याचं उत्तर मला या दोन चित्रपटांत मिळालं. काकांनी दोन्ही सलग पाहिले आणि लॉरेन्सनबद्दलचं आपलं वाक्य संहितेतून स्वतःच कमी केलं. "नट चांगला आहे" एवढं ठेवलंय. ते राहू दे.

२० एप्रिल

नकाशा पक्का. काकांनी कुंपणाच्या रेषेवर अपफील्डचा टप्पा एका रंगाने आणि मुलींची वाट दुसऱ्या रंगाने काढलीय. दंतकथेसारख्या वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच तारेवर आहेत हे कागदावर पाहिल्यावर पटतं. कंदिमलाल हे नाव वुल्फ क्रीकच्या आधी, मोठ्या अक्षरांत.

भागांचा क्रम: तळं, दीपगृह आणि इतर ठिकाणं, लेखक, कुंपण आणि रोल्सचे खून (ते 'मर्चिसन खून' म्हणून ओळखले जातात), तीन मुली, १९७२ ची मालिका, १९९२, आणि शेवटी गुल्पिलिल. रेकॉर्डिंग पुढच्या रविवारपासून, भारतीय वेळेनुसार सकाळी सात, म्हणजे ताईंचे सकाळचे साडेअकरा.

पुस्तकं वाचू इच्छिणाऱ्यांसाठी आमची शिफारस प्रत्येक भागाच्या वर्णनात टाकायचीय. पहिलं 'डेथ ऑफ अ लेक'. मग 'द सँड्स ऑफ विंडी'. त्यानंतर 'मॅन ऑफ टू ट्राइब्ज', नलारबोरचं. बोनी, दोन उंट, एक कुत्रं आणि पायाखाली पोकळ जमीन. कथानक आधी कोणाकडून ऐकू नये. 'द बोन इज पॉइंटेड' चौथं, कारण त्यात बोनी स्वतःच संकटात आहे आणि त्याला आधी ओळखत असलो तरच ते लागतं. काका म्हणतात बाकीच्यांना क्रम नाही, मिळेल ते उचला. ताई म्हणतात डोरिस पिल्किंग्टनचं पुस्तक या यादीत पाचवं हवं. घातलंय, पाचवं न ठेवता दुसरं ठेवलंय.